चिंबोरीचं गोत्र

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पहिला मोठा पाऊस झाला की तळमजल्यावरच्या मोरीत गांडुळं येतात. माझं लहानपण नौपाड्यातल्या चाळीत गेलं, त्यामुळे हे ऐकीव नाही. आई मिठाची वाटी घेऊन धावायची आणि मी त्यांना खराट्याच्या काडीने उचलून कुंडीत सोडायचो. त्याच दिवसांत येऊरच्या वाटेवर वाणी फिरताना दिसतात, ज्यांना काही जण पैसा म्हणतात. बोट लावलं की गुंडाळी करून बसतात. गांडूळ लांबट, वाणी लांबट, दोघांच्याही अंगावर कड्याच कड्या. एकाला पाय फुटले, दुसरं तसंच राहिलं, कूळ मात्र एकच, असं कुणालाही वाटेल.

कूव्हिएलाही तसंच वाटलं. हा मोठा फ्रेंच शास्त्रज्ञ. 1817 साली त्याने गांडूळ, जळू, कीटक, कोळी, खेकडे असे सगळे कड्यावाले प्राणी एकाच गटात घातले. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं बहुतेकांनी ते मान्य केलं. मीही वर्गात तेच शिकवलं. त्या पिढीतले कुणी आज इथे बसले असतील, तर क्षमा असावी.

आता कडी म्हणजे काय, ते पाहू. गांडुळाच्या आत कड्याकड्यांमध्ये पडदे असतात. प्रत्येक खोलीत पाणीदार द्रव, भोवती आडवे-उभे स्नायू. आडवे आवळले की कडी बारीक आणि लांब होते, उभे आवळले की जाड आणि आखूड. द्रव दाबला जात नाही, म्हणून हाड नसतानाही जोर मिळतो. बारीक केस मातीत रुततात आणि गाडी पुढे सरकते.

कोळंबीची गोष्ट वेगळी. सोलताना नीट बघा. मिशा, जबड्याचे तुकडे, चालायचे पाय, शेपटाखालचे पोहायचे पाय, ही सगळी मुळात एकाच अवयवाची रूपं आहेत. कुठल्या कडीवर काय उगवायचं, ते ठरवण्यात हॉक्स नावाच्या जनुकांचा मोठा वाटा असतो. चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने, तर शेपूटच पोटाखाली दुमडून घेतलंय. ती दुमड रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. हे चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींना मी सांगायला नको, टोपलीत हात घालताच त्या सांगतील.

खरी गंमत कवचाची. कवच वाढत नाही, आतला जीव वाढतो. मग चिंबोरी जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम परत शोषून घेते, त्याच्याखाली नवं मऊ कवच तयार करते आणि पाणी पिऊन फुगते. जुनं कवच मागच्या बाजूने उकलतं आणि ती पाठमोरी बाहेर येते. डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांचं आवरण, पोटाच्या आतलं अस्तरसुद्धा मागे राहतं! नुकतीच कात टाकलेली चिंबोरी आकाराने मोठी दिसते, पण फोडली की आत पाणी फार आणि मांस कमी. बाजारात 'पोकळ निघाली' म्हणून आपण भांडतो, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं.

कात टाकायला लावणारं संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. 1954 साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी रेशमाच्या किड्यांचे 500 किलो कोष वापरून त्यातून अवघं 25 मिलिग्रॅम वेगळं काढलं. कुठल्या चिकाटीने केलं असेल, कोण जाणे.

गांडुळाला अशी कात टाकून वाढावं लागत नाही. हा फरक आम्हाला ठाऊक होता, पण आम्ही तो किरकोळ मानला. 1997 साली अग्विनाल्डो आणि सहकाऱ्यांनी अनेक प्राण्यांचं एकच जनुक ताडून पाहिलं, रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, घडणीतलं. त्यातून निघालं ते असं, की कीटक-खेकड्यांचे जवळचे नातलग गांडुळं नाहीत, गोलकृमी आहेत. म्हणजे पोटातले जंत! अंगावर कड्या नाहीत, पाय नाहीत, पण तेही वाढताना कात टाकतात. कात टाकणाऱ्यांचं कूळ एक निघालं.

मग गांडूळ कुणाचं? गोगलगाय आणि कालवांचं. समुद्री वलयी कृमींच्या, म्हणजे गांडुळाच्या समुद्रातल्या कड्यावाल्या भावंडांच्या, आणि कालवांच्या अळ्या पाण्यात तरंगताना पाहिल्या, तर दोन्ही छोट्या भोवऱ्यासारख्या, कमरेला हलत्या केसांचा पट्टा. मोठेपणी एक शिंपल्यात बसतं, दुसरं चिखलात शिरतं. याच घराण्यातल्या काही समुद्री कृमींनी नंतर कड्याच सोडून दिल्या. म्हणून कडी पाहून नातं जुळवणं धोक्याचं.

कड्या दोन्ही घराण्यांत वेगवेगळ्या उपजल्या की फार प्राचीन पूर्वजाकडूनच आल्या, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. माझा कौल वेगवेगळ्या उपजण्याकडे, पण पैज लावणार नाही.

मधला एक पाहुणा सांगायलाच हवा, मखमली कृमी. मऊ अंग, बोटक्या पायांच्या जोड्या, पाहताना गांडूळ आणि गोम यांच्यामधला दुवा वाटावा असा. आपल्याकडे तो 1911 च्या मोहिमेत अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात सापडला आणि शंभरहून अधिक वर्षांनी तिथेच पुन्हा दिसला. पण तोही कात टाकतो! म्हणजे गोत्र चिंबोरीचं.

हे पाहायला सियांगला जायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी उभे राहा. 2022 पासून ती रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, पण आपण तिच्याकडे पाहतो ते फ्लेमिंगोंसाठी. यंदा जरा चिखलाकडे पाहा. दगडाला चिकटलेली कालवं आणि चिखलाच्या नळीत बसलेला वलयी कृमी हे एका घरचे. बिळाच्या तोंडाशी नांगी हलवणारा खेकडा आणि त्याच चिखलाच्या चिमटीत असलेले, डोळ्यांना न दिसणारे गोलकृमी हे दुसऱ्या घरचे. भिंग घेऊन जा, आणि पायात गमबूट असू द्या.