पदर, पार्वती आणि खळ्यातले प्रेक्षक

श्रोतेहो, नमस्कार. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट आपण इतक्या वेळा पाहिला आहे की त्याची गोष्ट सांगण्याची गरज नाही. पुण्यात भाड्याची जागा मिळावी म्हणून चार तरुणांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात, एवढे आठवले तरी पुरे. आज तो संस्कृती-अभ्यासाच्या नजरेने पाहू या. स्टुअर्ट हॉल या अभ्यासकाने १९७३ मध्ये असे मांडले की निर्मात्याने योजलेला अर्थ प्रेक्षकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतोच असे नाही. प्रेक्षक आपल्या जगण्याच्या आधाराने तो लावत असतो. एवढे ध्यानात ठेवावे: अर्थ प्रेक्षकही लावतो.

याचा पडताळा मला कोकणातल्या आमच्या वाडीत मिळाला. गणपतीच्या दिवसांत एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, व्हिडिओवर हा चित्रपट लावला होता. दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्यात उभी हयात स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे नट, म्हणून गाजलेले एक वृद्ध कलावंत, ज्यांना सगळे तात्या म्हणत, पुढेच बसले होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती पडद्यावर आली की खळे हशाने दणाणून जाई, पण तात्या गंभीरपणे तिच्या निऱ्यांकडे पाहत राहत. मात्र घरमालक बिऱ्हाड रिकामे करायला लावतो त्या प्रसंगी ते एकटेच खदखदून हसले. चित्रपट संपल्यावर मी विचारले, “तात्यांनू, पार्वतीक बघून तुमका हसू कित्या येवक नाय?” ते काही न बोलता उठले, खांद्यावरचा पंचा त्यांनी पदरासारखा डोक्यावरून घेतला आणि तुळशी वृंदावनापर्यंत सावकाश चालत जाऊन ते मागे वळले. मानेचा किंचित झोक, पदराची कड धरणारी दोनच बोटे आणि खाली वळलेली दृष्टी, एवढ्यावर खळ्यातली कुजबूज थांबली; ओसरीवरच्या एका काकूंनी तर नकळत सरकून त्यांना बायकांमध्ये बसायला जागा करून दिली. मग तात्या म्हणाले, “तेका पदर सावरूक येना नाय, म्हणान तुमी हसतास. माका येता, म्हणान माका कोण हसना नाय.”

साडी नेसलेला पुरुष दोन्हीकडे आहे. चित्रपटात सोंग उघडे पडेल की काय या धास्तीतून हसू फुटते, तर दशावतारात सोंग पूर्ण वठले की आपण हात जोडतो. (अलीकडे ट्रिकसीनच्या, म्हणजे युक्तीने घडवलेल्या चमत्कार-दृश्यांच्या, धुरात ही देहबोली झाकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, दशावताराला उत्स्फूर्त संवाद आणि मृदंग पुरेसे आहेत.) म्हणून पुन्हा सांगतो, अर्थ प्रेक्षकही लावतो.

आणि घरमालकाच्या प्रसंगी तात्या हसले, कारण तरुणपणी ते मुंबईत गावमंडळाच्या, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामाईक, खोलीत राहिले होते. गिरणगावातल्या अशा खोल्यांत चाकरमानी पाळीपाळीने झोपत. पुण्याची ही कथा कोकणाने आपली मानली, त्यामागे जागेची ही टंचाई आहे, असे माझे मत आहे.

याहून विलक्षण गोष्ट पार्वतीच्या डोहाळजेवणाची. हा बायकांचा संस्कार, त्यात पाटावर पुरुष, आणि सगळी खोटी बतावणी. तरीही त्या प्रसंगातले गाणे आज खऱ्या डोहाळजेवणात खऱ्या मायेने लावले जाते, फुलांच्या वाडीत बसलेली लेक त्यावर लाजते आणि कोणालाही त्यात थट्टा दिसत नाही. निर्मात्यांनी हशासाठी योजलेले गाणे बायकांनी आपल्या ओटीत घेतले आहे. पुढच्या वेळी हा चित्रपट पाहाल, तेव्हा आई, काकू, आजी यांच्या शेजारी बसून पाहावा, आणि त्या कुठे हसतात यापेक्षा कुठे हसत नाहीत याकडे अवश्य लक्ष द्यावे. नमस्कार.