पहिला फोन कुणाला जातो?

संयोजकांनी दिलेला विषय आहे ‘लग्न आणि नोकरीतली बढती’. त्याचे मी तीन भाग केलेत: घरचा फोन, बदली, आणि नवरा-बायकोने प्रत्यक्ष काय करावं. तिसऱ्यासाठी तुम्ही आला आहात हे माहीत आहे, पण फोनाचं आधी बोलायलाच हवं.

मूल शाळेत आजारी पडलं की शाळा कुणाला फोन लावते? हात वर करू नका, तुमच्या हसण्यातच उत्तर आलं. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासलं. काल्पनिक आईवडिलांच्या नावाने हजारो मुख्याध्यापकांना ईमेल गेले: प्रवेशाची चौकशी आहे, आम्हा दोघांपैकी कुणालाही फोन करा. आईला फोन येण्याचं प्रमाण वडिलांच्या १.४ पट निघालं. वडिलांकडे जास्त वेळ आहे असं लिहिल्यावर त्यांचे फोन वाढले, तरी आईचे थांबले नाहीत.

फोन पाच मिनिटांचा असतो. पण बैठकीतून उठून जाणारी व्यक्ती साहेबांच्या लक्षात राहते. पुढच्या वेळी बाहेरगावच्या कामासाठी नावं निघतात तेव्हा कुणीतरी चांगल्या मनानेच म्हणतं, ‘तिला नको, तिचं घर आहे.’ तिला विचारलंही जात नाही. दोन वर्षांनी बढतीच्या मुलाखतीत प्रश्न येतो: मोठा प्रकल्प स्वतंत्रपणे सांभाळलाय का? तिने नकार कधी दिलेलाच नसतो, आणि तिच्या कामाच्या नोंदीत तो रकाना मात्र रिकामा असतो. मला याची चीड येते, कारण यात दोष दाखवायला कुणी सापडत नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. घरकामाला हात लागतात तसं डोकंही लागतं. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक दोघं मिळून घेतात. पहिली आणि शेवटची पायरी मात्र बायकोकडे जास्त असते, आणि कार्यालयात बसूनही डोक्यात चालू राहतात त्या नेमक्या याच दोन. म्हणून ‘सांग, मी करतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याने निम्मं काम उचललं असं होत नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. बदलीचं थोडक्यात सांगतो. अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्येच हा हिशेब मांडला होता. बदलीने नवऱ्याचे तीन रुपये वाढले आणि बायकोचे दोन गेले, तर कुटुंब एका रुपयाने फायद्यात, म्हणून सगळे निघतात. पण आता दोघांच्या पगारातली दरी पाच रुपयांनी रुंदावली. पुढच्या वेळी तिला संधी आली की तिचं पारडं आधीच हलकं असतं. प्रत्येक निर्णय शहाणपणाचा, आणि दहा वर्षांनी ती मागे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याही हेच दाखवतात की जी नोकरी अवेळी हाक मारते ती तासामागे जास्त पैसे देते, म्हणून जोडप्यातलं एक जण तिकडे जातं आणि दुसरं घराच्या हाकेला थांबतं.

आता काय करायचं ते. शाळा, डॉक्टर, पाळणाघर या सगळ्यांकडे पहिला क्रमांक नवऱ्याचा द्या, आणि तो बढतीच्या मुलाखतीच्या तीन-चार महिने आधीच द्या. आयत्या वेळी बदलला तर फोन सवयीने जुन्याच क्रमांकावर येतात. काम सोपवायचं तर चारही पायऱ्यांसकट सोपवा. सुरुवातीला तो डबा विसरेल, लसीची तारीख हुकेल, आणि ‘राहू दे, मीच करते’ असं तोंडावर येईल. बहुतेक घरांत वाटणी मोडते ती इथेच. तारीख त्यालाच पुन्हा घ्यायला लावा. पाळणाघराचा खर्च एकट्या तिच्या पगारातून वजा करू नका, दोघांच्या बेरजेतून करा; नाहीतर तिची नोकरी कागदावर फुकाची दिसते. आणि बदली स्वीकारलीत, तर पुढची पाळी कुणाची आणि कोणत्या वर्षी, हे निघण्यापूर्वी लिहून ठेवा.