हुकूमशाहीनं पर्यावरण वाचतं का?

नमस्कार! “आपल्याकडे चीनसारखं सरकार हवं, मग बघा हवा कशी साफ होते!” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. गंमत म्हणजे बऱ्याच नावाजलेल्या विचारवंतांनीही असंच काहीसं मांडलंय.

1968 मध्ये अमेरिकी पर्यावरणतज्ज्ञ गॅरेट हार्डिन म्हणाले, कुरण सगळ्यांचं असलं की जो तो आपलं एक जनावर वाढवतो. फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान वाटून. शेवटी कुरण बोडकं. म्हणून सक्ती हवी, असं त्यांचं म्हणणं. पुढे 1974 मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट हाइलब्रोनर आणि 1977 मध्ये राज्यशास्त्रज्ञ विल्यम ओफल्स म्हणाले, नैसर्गिक साधनांची टंचाई वाढली की कडक सत्ता येणारच. हाइलब्रोनर हे नाइलाजानं म्हणत होते, तेवढं श्रेय त्यांना द्या.

आता चीन. बीजिंगच्या हवेत पीएम 2.5 ची, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी 2013 मध्ये घनमीटरला 89.5 मायक्रोग्रॅम होती, 2017 मध्ये 58 झाली. हे यश खरं आहे. पण त्याच 2017 चा हिवाळा बघा. बीजिंग, तिआनजिन आणि भोवतालच्या 26 शहरांत घरोघरची कोळशाची शेगडी बंद करून गॅस किंवा वीज द्यायची होती. उद्दिष्ट: किमान 30 लाख घरं. शेगडी उचलायला वेळ लागत नाही, पाइपलाइन टाकायला लागतो. वरून तगादा, त्यामुळे अनेक ठिकाणी शेगडी आधी गेली, गॅस आलाच नाही. त्यात ऐन थंडीत गॅसचाच तुटवडा. हबेई प्रांतातल्या चुयांग तालुक्यात वर्ग इतके गार पडले, की मुलांना बाहेर उन्हात बसवून शिकवलं. डिसेंबरात चीनच्या पर्यावरण मंत्रालयानं या 28 शहरांना तातडीचं पत्र धाडलं: जिथं काम अपुरं आहे तिथं कोळसा जाळू द्या.

चूक कुठं झाली? हुकूम खाली झपाट्यानं पोचतो, अडचण वर पोचत नाही. “पाइप अजून आला नाही, थांबा” असं साहेबाला सांगणार कोण?

आणि हार्डिन यांचं कुरण? ते बिनमालकाचं, बिननियमाचं होतं. खरी सामाईक कुरणं तशी क्वचितच असतात, हे अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवलं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं एक उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं. तिथला 1517 चा नियम असा: हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर चरायला न्यायच्या. कोणाच्या गोठ्यात किती गाई, हे अख्ख्या गावाला दिसतं, लपवणार कसं? जास्त नेल्या तर दंड, आणि दंडातला अर्धा हिस्सा तो वसूल करणाऱ्याचा. म्हणजे सक्ती इथंही आहेच, फक्त नियम गावकऱ्यांनी मतदानानं ठरवलेला.