आवाज कसला ते नंतर, कधी येतो ते आधी

नमस्कार मंडळी. मला माईकवर बोलायची सवय नाही, चालू इंजिनशेजारी ओरडून बोलायची आहे, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

गॅरेजला माणूस येतो आणि म्हणतो इंजिनमधून आवाज येतोय. कसला? "असाच, विचित्र." अहो मराठीत आवाजांना शब्द काय कमी आहेत का, टिकटिक, खडखड, ठकठक, घरघर, किणकिण, यातला एक नीट सांगितलात तरी माझं अर्धं काम होतं. पण खरं विचाराल तर तो कसा आहे यापेक्षा कधी येतो ते मला हवं असतं. सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर, रेस दिल्यावर वाढतो का, एसी लावला की बदलतो का, क्लच दाबला की काय होतं. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर बहुतेक रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग, दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग, इंजिनचा त्यात संबंधच नाही, आणि इकडे मालक इंजिन खोलायच्या तयारीनं आलेला असतो.

आता टिकटिक घ्या. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा मुख्य दांडा, दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, एकदा फिरतो, हे चार स्ट्रोकचं गणित. आयडलला, म्हणजे रेस न देता, ८०० आरपीएम, मिनिटाला ८०० फेरे, असेल तर कॅम ४०० ने फिरतोय, म्हणजे एक ढिला टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधला तुकडा, मिनिटाला ४०० वेळा वाजणार, सेकंदाला साडेसहा-सात. एवढं बोटानं टेबलावर वाजवता येतं, हे बघा, असं. क्रँकबरोबर वाजणारं काही असेल तर सेकंदाला तेरा, तिथे बोट थकतं, तबलजी असाल तर गोष्ट वेगळी. युक्ती ढोबळ आहे, पण बोनेट उघडून एक मिनिट बोटानं ताल धरला की बघायचं वर हेडकडे, जिथे व्हॉल्व्ह असतात, की खाली क्रँककडे, एवढं तरी कळतं.

तरी फसायला होतं. नवीन होतो तेव्हा एका टॅक्सीची अशीच टिकटिक, मी छाती ठोकून टॅपेट म्हटलं, व्हॉल्व्ह कव्हर काढलं, गॅप सेट केले, आवाज आहे तसाच. मग हेड उतरवलं. गाडी आठ दिवस उभी, मालकाचा धंदा बुडाला. शेवटी दिसलं काय, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, एका स्टडजवळ बोटभर काजळीचा काळा डाग. सांध्यातली गॅस्केट फुंकत होती, फटीतून धूर निसटत होता. थंड असताना फटफट जोरात आणि गरम झाल्यावर लोखंड फुगून फट मिटते म्हणून आवाज कमी, हे तो मालक मला पहिल्याच दिवशी सांगत होता, मी ऐकलं नव्हतं.

बेल्टची चिरचिर वाटली तर बेल्टवर थोडं पाणी शिंपडा, हात आणि ओढणी लांब ठेवून. क्षणभर थांबली तर दोष बेल्टचा किंवा पुली एका रेषेत नसल्याचा. तरी शंका असेल तर मेकॅनिक बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवतो, आवाज गेला तर अल्टरनेटर, आयडलर (बेल्टला आधार देणारी पुली), वॉटर पंप यांच्यातलंच कोणीतरी. जास्त वेळ नाही चालवायचं, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की खराब बेअरिंग वाळूसारखं करकरतं.

घाटात टॉप गिअरमध्ये रेटताना किणकिण आली तर आधी गिअर खाली घ्या, ते बहुतेक नॉकिंग असतं, म्हणजे सिलेंडरमध्ये इंधन नीट न जळता ठोके देत पेटतं.

फक्त जड ठकठक, लोड दिला की वाढणारी, तिच्याशी खेळू नका. गाडी बाजूला, इंजिन बंद, डिपस्टिक बघा. ऑइलचा लाल दिवा पण लागला असेल तर टोईंग बोलवा, "हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत" म्हणणाऱ्यांचे क्रँक मी भरपूर बघितलेत. बिग एन्ड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा, संशय असेल तर आम्ही एकेका सिलेंडरच्या इंजेक्टरचं कनेक्शन काढतो, ज्याचं काढल्यावर ठोका नरम पडतो तो सिलेंडर.

आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवता ना, तर स्टार्टर मारायच्या आधीपासून करा, मधे तोंडानं बोला, आता एसी लावला, आता क्लच दाबला. नुसता आवाज पाठवून मला काय कळणार.

बरं, मगाशी एक काकू म्हणाल्या की त्यांच्या गाडीची खडखड सकाळी पहिले दोन-तीन सेकंदच येते, मग गायब. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे क्रँक आणि कॅम जोडणारी चेन ताणून धरणारा भाग, असू शकतो, पण ऐकल्याशिवाय बोलत नाही. गाडी रात्रीपासून उभी आहे म्हणतात. आपण आता पार्किंगमध्ये जाऊ, पण मी बोनेटशेजारी उभा राहीपर्यंत कुणी चावी फिरवू नका, एकदाच ऐकायला मिळणार आहे.