घरचा संगणक: अँटीव्हायरस फुकटचा की विकतचा?

श्रोतेहो, नमस्कार.

नवा संगणक घरी आला की काही आठवड्यांतच पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उघडते. ‘मुदत संपली, तुमचा संगणक असुरक्षित आहे!’ घाबरून आपण कार्डाचा नंबर शोधायला लागतो. जरा थांबा. संगणकासोबत आलेल्या विकतच्या अँटीव्हायरसच्या चाचणी आवृत्तीचा तो निरोप असतो. ती काढून टाकली, की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप कामाला लागतो. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच असतो. माझ्या मते बहुतेक घरांना तेवढा पुरतो.

मग विकतच्यात असतं काय? व्हायरस पकडणारं इंजिन बऱ्याच कंपन्या दोन्ही आवृत्त्यांत एकच ठेवतात. जास्तीचे पैसे जातात ते व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सोय), पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवणारी तिजोरी), मुलांच्या वापरावर लक्ष आणि अडल्यावर फोनवर मिळणारी मदत यांसाठी. घरात विचारायला जाणतं कोणी नसेल, तर ही मदत खरंच मोलाची आहे. घेताना एवढं बघा, की पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर किती पैसे आपोआप कापले जाणार आहेत.

बाहेरून फुकट उतरवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र मला काळजी वाटते. आपण कुठल्या वेबसाइट पाहतो, ही माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अव्हास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्याला राखणीला ठेवलं, त्यानंच घरातल्या गोष्टी बाहेर सांगाव्यात, याचा मला मनापासून राग येतो.

आणि दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात.

अपडेटही टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं.

आज संगणक लावलात की एक करा. फाइल एक्सप्लोरर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये जा (विंडोज ११ असेल तर त्यातल्या ‘शो’मध्ये) आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे ईमेलमधून आलेलं ‘बिल डॉट पीडीएफ’ साधं बिल वाटतं. ते फसवं असेल, तर खूण केलीत की त्याच नावापुढे ‘डॉट ईएक्सई’ दिसेल, म्हणजे ते बिल नसून उघडताच चालू होणारा प्रोग्राम आहे. तशी फाइल उघडू नका, तिथल्या तिथे पुसून टाका.