प्रॉम्प्टरची वही रद्दीत घालू नका

श्रोतेहो, नमस्कार.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं. जुन्या संगीत नाटकांची अशी पुस्तकं उघडलीत, तर पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल', म्हणजे हे पद कुठल्या जुन्या गाण्याच्या सुरावर म्हणायचं ते, छापलेली दिसते. त्या काळच्या प्रेक्षकाला तेवढी खूण पुरायची, कारण मूळ गाणं त्याच्या कानात असायचं. ते मूळ गाणंच विस्मरणात गेलं, तर छापील पद समोर असूनही गायचं कसं?

बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आपल्याकडे आहेत, हे आपलं भाग्यच. पण त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. नाट्यगृहात तेच पद वन्समोर घेत किती वेळ रंगायचं, तबल्यावर तिरखवाँसाहेब आणि सारंगीवर कादरबक्ष काय करायचे, ते तबकडीत आलंच नाही. याची मला फार हळहळ वाटते.

गाणं निदान थोडं तरी उरलं. बाकीच्या प्रयोगाचं काय? १९७२ सालचं 'घाशीराम कोतवाल' घ्या. तेंडुलकरांची संहिता केव्हाही वाचता येते. पण रंगमंचावर पडद्यासारखी उभी राहणारी नटांची रांग कुठल्या ठेक्यावर डुलते, कुठे दुभंगते, हे दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्यदिग्दर्शक कृष्णदेव मुळगुंद यांनी तालमीत घडवलं. सिंधुदुर्गातल्या दशावतारात तर लिहिलेले संवादच नसतात. कथा ठरलेली, बोलणं त्या रात्रीचं. पहाट झाली की संपलं.

म्हणून मला प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं पुरवणाऱ्याची, वही छापील पुस्तकापेक्षा मोलाची वाटते. गाळलेल्या वाक्यांवर आडव्या रेघा, समासात पेन्सिलीनं 'डावी विंग', 'दिवे मंद', आणि एखाद्या वाक्यापाशी नुसतंच 'हशा, थांबणे'. प्रेक्षक नेमका कुठे हसायचा, हे दुसरं कोण सांगणार?

दिल्लीची संगीत नाटक अकादमी, मुंबईचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) अशा संस्था ध्वनिमुद्रणं आणि चित्रीकरणं जपतात. पण गावोगावच्या हौशी मंडळींचं, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचं सामान घरांतल्या ट्रंकांमध्येच असतं. तुमच्याकडे अशी वही असेल, तर गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि कागद खराब करते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नाटक, गाव, साल आणि माणसांची नावं लिहा, प्रकाशयोजना करणाऱ्याचं आणि रंगभूषाकाराचंसुद्धा. कॅसेटना बुरशी धरली असेल तर त्या घरी वाजवून बघू नका, जाणकाराकडे न्या.

आणि पडद्यामागे काम केलेलं कुणी वडीलधारं जवळपास असेल, तर त्यांना या आठवड्यातच गाठा. त्यांची परवानगी घेऊन फोनवर बोलणं मुद्रित करा. सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं बोलून ठेवा, आणि त्या मुद्रणाची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू द्या.