३३७ मीटर सूत

(दृश्य: लाकडी टेबल. पांढरा चेंडू. एक बारीक कात्री लाल टाक्याजवळ येते.)

हा बेसबॉलचा चेंडू. नवा कोरा. आपण तो उसवणार आहोत.

उसवायचं म्हटलं की पहिला टाका शोधावा लागतो. तो काही सापडत नाही. शिवणाऱ्यानं तो कातड्याखाली दडवलाय, आणि शेवटचाही. दिसतात ते मधले. एकूण १०८ दुहेरी टाके, २१६ भोकं, आणि त्यातून ओवलेला ८८ इंच, म्हणजे जवळपास सव्वादोन मीटर मेणलेला लाल धागा. चला, मधूनच कुठेतरी कापू.

क्रिकेटवर वाढलेल्या हाताला हा चेंडू जरा परका वाटतो. वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे आपल्या लेदर बॉलपेक्षा दहा-पंधरा ग्रॅमनं हलका. घेर मात्र किंचित मोठा. शिवणही चेंडूच्या पोटावरून सरळ जात नाही, वळणं घेत सगळीकडे फिरते. कातडं उलगडलं की कारण कळतं. आत दोनच तुकडे आहेत, दोन्ही डमरूच्या आकाराचे. एकाच्या कमरेत दुसऱ्याचं डोकं बसवलेलं. वजनाचे आणि घेराचे आकडे १८७२ सालापासून बदललेले नाहीत. आतलं जवळजवळ सगळं बदललं.

(दृश्य: कसोटी सामन्यातला झिजलेला लाल चेंडू, शेजारी पांढरा बेसबॉल.)

कसोटीत एक चेंडू ८० षटकं चालतो. ४८० वेळा टाकला जातो, आणि आपला अर्धा खेळ त्याच्या म्हातारपणावर उभा असतो. एका बाजूची लकाकी राखा, दुसरी बाजू खरवडू द्या, मग बघा तो कसा वळतो ते. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, चेंडू म्हातारा होतच नाही. मातीत टप्पा पडला, बदला. प्रेक्षकांत गेला, तो गेलाच. एकेक चेंडू जेमतेम काही फेकींपुरता हातात राहतो.

मग इतकं कमी आयुष्य असलेल्या वस्तूच्या बांधणीवर दीडशे वर्षं एवढी डोकेफोड का? कारण इथे टिकायला हवा तो चेंडूचा स्वभाव. आत्ताचा चेंडू जसा उसळला, जसा हवा कापत गेला, तसाच त्याच्या जागी आलेला पुढचा चेंडू गेला पाहिजे. एप्रिलच्या थंडीतही आणि ऑगस्टच्या उकाड्यातही. ऐकायला सोपं वाटतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स.)

पूर्वी असं नव्हतं. एकच चेंडू शक्य तितका वेळ चालवायचा, ही रीत होती. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याला माती फासायचे, तंबाखूची पिंक लावायचे. दुपार कलली की तपकिरी चेंडू दिसायचाही बंद व्हायचा. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेझनं टाकलेला चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला. तो बाजूलाही झाला नव्हता. बहुधा त्याला चेंडू दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी चॅपमन वारला. त्यानंतर मळलेला चेंडू बदलायचा, हा अंपायरच्या कामाचा भाग झाला.

(दृश्य: डोंगरउतारावर हिरवं गाव. शिलाईचा मोठा हॉल.)

कातडं बाजूला ठेवण्याआधी त्याला हात लावून बघू. १९७४ पर्यंत ते घोड्याचं असायचं. घोडे कमी झाले, कातडी मिळेना, तेव्हा गाय आली. टेनेसी राज्यातल्या टुलाहोमा गावात हे कातडं तुरटीत कमावतात. त्याचा पांढरेपणा तिथलाच.

शिवण होते कोस्टा रिकातल्या तुरिआल्बात. रॉलिंग्ज कंपनी मेजर लीगचे चेंडू तिथं बनवते आणि प्रत्येक चेंडू हातानं शिवला जातो. कातडं ओलसर करून चेंडूवर ताणायचं, दोन सुया, दोन्ही हातांनी ओढ. टाका ओढताना शिवणाऱ्याचे हात पंखासारखे पसरतात. यंत्रानं शिवायचे प्रयत्न झाले, पण वळणावर कातडं किती ओढायचं हे बोटांना कळतं तसं यंत्राला कळलं नाही. शिवून झाल्यावर चेंडू लाकडी साच्यात काही सेकंद घोळवतात, म्हणजे शिवण बसते.

या कौतुकात एक गोष्ट राहून जायला नको. २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तुरिआल्बाहून बातमी दिली होती. एक चेंडू शिवण्याचे साधारण ३० सेंट मिळत, आणि कामगार हात-मनगटं दुखावल्याच्या तक्रारी करत होते. ज्या वस्तूवर मैदानातली माणसं कोट्यधीश होतात, ती वस्तू अशी शिवली जाते.

(दृश्य: कातडं सुटलेला चेंडू. सुताचं टोक ओढलं जातं. चेंडू टेबलावर गरागरा फिरतो.)

आता सूत.

सर्वांत वर बारीक पांढरा धागा, कापूस आणि पॉलिएस्टरचा. १३७ मीटर. त्याखाली राखाडी लोकर, तीन पदरी, ४८ मीटर. मग पांढरी लोकर, तीन पदरी, ४१ मीटर. आणि तळाशी जाड, चार पदरी राखाडी लोकर, १११ मीटर. सगळं मिळून ३३७ मीटर. टेबलावरचा हा गुंता पाहून आजीच्या लोकरीच्या गुंड्याची आठवण आली असेल, तर ती बरोबरच आहे. वस्तू तीच. फरक ताणाचा. हा गुंडा यंत्रावर, ठरलेल्या ताणानं गुंडाळलेला असतो. मूठभर लोकर दाबून सोडली की ती पुन्हा फुगते. बॅट आणि चेंडूची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती पडते, तेवढ्यात चेंडू चपटा होतो, आणि त्याला परत गोल करण्यात या लोकरीचा मोठा हात असतो.

आणि शेवटी ही गोळी. आवळ्याएवढी. मध्ये बूच, त्यावर काळं रबर, वर लाल रबर.

(दृश्य: गोळी हातातून सुटते, टप्पे घेत जाते.)

आधी फक्त रबराचा गाभा असायचा. १९०९ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेन शाईब यांनी बुचाचा गाभा आणला. बूच हलकं, म्हणून लोकर जास्त घट्ट गुंडाळता आली. १९११ मध्ये तो चेंडू हंगामभर वापरला गेला आणि मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगची फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, .२४३ वरून .२७३ वर चढली. खेळाडू तेच, बॅटी त्याच.

उलटंही घडलं. दुसऱ्या महायुद्धात रबर सैन्याकडे गेलं. १९४३ च्या हंगामासाठी गाभ्यात बलाटा वापरला. हा एका उष्णकटिबंधी झाडाचा चीक. गोल्फच्या चेंडूवर तो उत्तम चालायचा. बेसबॉलमध्ये त्यानं जीवच काढून घेतला. बॅटर पूर्ण ताकदीनं मारत आणि चेंडू थोड्या अंतरावर पडे. सुरुवातीच्या सामन्यांत एका संघाच्या नावापुढे भोपळा, हे दृश्य वारंवार दिसू लागलं. काही आठवड्यांत चेंडू बदलावा लागला.

आज उसळी मोजतात ती अशी. ताशी ५८ मैल वेगानं चेंडू लाकडावर आदळवायचा. परतताना त्याचा वेग मूळच्या ०.५४६ पट असायला हवा, आणि त्यात ०.०३२ इकडेतिकडे चालतं. म्हणजे सुमारे सत्तर टक्के ऊर्जा आतल्या आत जिरते. चेंडू आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच आळशी आहे. खरी गोम त्या ‘इकडेतिकडे’त आहे. २००० साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल इथल्या तपासणीत दिसलं, की नियमात चोख बसणारे दोन चेंडू सारख्याच फटक्यावर ४९ फुटांच्या फरकानं पडू शकतात. एक झेल, दुसरा कुंपणापार, म्हणजे होम रन.

(दृश्य: टोकियोचं मैदान, रात्रीचे दिवे.)

या फरकानं जपानमध्ये आयुक्तांची खुर्ची हलवली. तिथे २०११ मध्ये सगळ्या संघांसाठी मिझुनो कंपनीचा एकच चेंडू ठरला, उसळी थोडी कमी ठेवून. २०१० मध्ये १,६०५ होम रन झाले होते, २०११ मध्ये ९३९. लोक कंटाळले. मग २०१३ मध्ये होम रन अचानक वाढले. खेळाडू विचारू लागले, चेंडू बदललाय का? नाही, असं उत्तर आलं. जूनमध्ये कबुली दिली गेली, हो, बदललाय, गुपचूप. व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त र्‍योझो काटो म्हणाले, मला माहीत नव्हतं. चेंडूवर त्यांचीच सही छापलेली होती. ते पायउतार झाले. त्याच हंगामात व्लादिमीर बॅलेंटिननं ६० होम रन मारून सादाहारू ओ यांचा १९६४ पासूनचा ५५ चा विक्रम मोडला. त्या साठांतले चेंडूचे किती आणि बॅलेंटिनचे किती, हा वाद मिटण्यासारखा नाही.

(दृश्य: अमेरिकेतलं मैदान, एकामागून एक होम रन.)

अमेरिकेत तर कुणी काही बदललंच नव्हतं. निदान मुद्दाम नाही. २०१४ मध्ये ४,१८६ होम रन, २०१९ मध्ये ६,७७६. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांच्यासह तज्ज्ञांची समिती बसली. पहिल्या अहवालात त्यांना दिसलं की चेंडूला हवेचा अडथळा कमी होतोय. का, ते सापडेना. दुसऱ्या अहवालात एक धागा हाती लागला: शिवणीची उंची. २०१९ ची शिवण २०१८ पेक्षा सरासरी किती बसकी होती? इंचाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हातानं शिवलेल्या वस्तूत एवढा फरक कुणाच्या बोटाला जाणवणार?

मेरेडिथ विल्स यांनी वेगळी वाट धरली. त्या खगोलभौतिकीतल्या आणि विणकामात मुरलेल्या. त्यांनी आपण आत्ता केलं तेच केलं, चेंडू उसवले. एकेक भाग मोजला, वजन केलं, आणि शिवणीचा धागाच आधीपेक्षा जाड झाल्याचं त्यांना आढळलं. इतक्या यंत्रांनी टिपलेल्या खेळात ही नोंद सुई-दोरा ओळखणाऱ्या बाईनं करावी, हे मला फार आवडतं.

२०२१ मध्ये लीगनं ठरवून बदल केला. लोकरीचा पहिला थर, तो तळचा चार पदरी, किंचित सैल गुंडाळायचा. चेंडू जास्तीत जास्त २.८ ग्रॅमनं हलका झाला, उसळी थोडी उतरली. महासाथीमुळे उत्पादन रखडलं आणि त्या हंगामात जुने-नवे दोन्ही चेंडू मैदानात आले. हेही पुढे आलं ते विल्स यांच्या तपासणीमुळेच.

(दृश्य: हलगी. शेकोटीच्या धगीवर कातडं तापवलं जातं.)

बांधणी सारखी ठेवली तरी हवा राहतेच. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी शेकून घेतो. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. चेंडूचं तेच, फक्त उलट्या टोकानं. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंच. हवा विरळ, त्यात कोरडी. चेंडू वाळून टणक व्हायचे, १९९९ च्या हंगामात तिथे ३०३ होम रन झाले. मैदानावरच्या एका कर्मचाऱ्याचे शिकारीचे बूट कोरड्या हवेत आकसले, आणि त्याच्या डोक्यात आलं, बुटाचं कातडं आकसतं तर चेंडूचं का नाही? २००२ मध्ये तिथे दमट हवेची कोठी बसली. २०२२ पासून ती तीसही मैदानांवर आहे.

कातडंच थोडं चिकट करून आणावं, म्हणजे पिचरची पकड सुटणार नाही, असाही प्रयोग झाला. २०२३ मध्ये तो चेंडू सदर्न लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरच्या एका स्पर्धेत, वापरला आणि अर्ध्या हंगामात परत घेतला. पकडीसाठी अजून वापरतात ते न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या उपनदीकाठचा चिखल. लीना ब्लॅकबर्न या प्रशिक्षकानं १९३८ मध्ये तो शोधला. जागा गुप्त. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तो तपासला, तेव्हा बारीक माती कातड्याची छिद्रं भरते आणि चिकटलेले वाळूचे कण घर्षण वाढवतात, असं दिसलं. पर्याय शोधून बघितले गेले, पण चिखल अजून आहे.

(दृश्य: मैदानाखालची खोली. बादली. चिखलानं माखलेले तळहात चेंडू चोळतात.)

तर या चेंडूचा शेवटचा प्रवास. चौदा दिवस कोठीत. सामन्याच्या दिवशी बाहेर. किमान तीस सेकंद चिखलानं चोळणं, सगळे चेंडू तीन तासांच्या आत. मग अंपायरच्या कमरेच्या पिशवीत.

पिचर हात फिरवतो. फेक खाली राहते, चेंडू कॅचरच्या पुढ्यात मातीत आपटतो आणि ग्लोव्हमध्ये शिरतो. कॅचर तो बघतसुद्धा नाही, मागे देतो. अंपायर पिशवीत हात घालतो.